ग्रामीण दृष्टी केंद्रात ऑप्टोमेट्रिस्टला नेमकं काय काय करू द्यावं? (जत पूर्व भाग)

पूर्वभाग_जत

नमस्कार मंडळी. उमदी-संख बाजूला कायमचं दृष्टी केंद्र सुरू करायचं चाललंय. शिबिर नाही, आठवड्यातले सहा दिवस उघडं राहणारं केंद्र. बी. ऑप्टोम (दृष्टी तपासणीची पदवी) झालेली एक व्यक्ती, म्हणजे ऑप्टोमेट्रिस्ट, पूर्णवेळ बसेल आणि मिरजेचे एक नेत्रतज्ज्ञ महिन्यातून दोनदा येतील. स्लिट लॅम्प (उजेडाच्या पट्टीत डोळा मोठा करून दाखवणारं यंत्र), नंबर काढायला ट्रायल सेट आणि रेटिनोस्कोप, आणि हवेच्या झोताने डोळ्याचा दाब मोजणारं यंत्र ठरलं आहे. पडद्याचे फोटो काढणारा कॅमेरा दुसऱ्या टप्प्यात घेऊ.

अडचण अशी की डॉक्टर नसलेल्या उरलेल्या दिवसांत ऑप्टोमेट्रिस्टने चष्म्याचा नंबर काढण्यापलीकडे काय करायचं, यावर प्रत्येक जण वेगळं सांगतो. बाहुली मोठी करायचा थेंब घालायचा का? लाल डोळा घेऊन आलेल्या माणसाला थेंब लिहून द्यायचा का? इथून सांगली शंभरावर किलोमीटर, पेशंट एसटीवर अवलंबून, मजुरी बुडते. "उद्या मिरजेला जा" म्हटलं की निम्मे लोक जातच नाहीत.

शिवाय ऑप्टोमेट्रिस्टचं कार्यक्षेत्र वाढवावं असं निवेदन काही संस्था मिळून शासनाला देणार आहेत. त्यात नेमकं काय मागावं, तेही सांगा.

---

रेटिनोस्कोप_कराड

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: आज कायद्याच्या चौकटीत काय बसतं, आणि कायदा बदलून काय मागायचं. लोक या दोन्हींची सरमिसळ करतात आणि मग आज करता येण्यासारखंही अडून बसतं.

आजची चौकट अशी. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने ऑप्टोमेट्रिस्टला नेत्रविज्ञान व्यावसायिकांच्या गटात स्थान दिलं. त्याच गटात नेत्र सहाय्यक आणि व्हिजन टेक्निशियनही आहेत. या कायद्यात 'संलग्न आरोग्य व्यावसायिक' म्हणवून घ्यायला किमान २,००० तासांचं आणि 'आरोग्यसेवा व्यावसायिक' म्हणवून घ्यायला किमान ३,६०० तासांचं शिक्षण लागतं. दोन वर्षांचा डिप्लोमा आणि चार वर्षांचा बी. ऑप्टोम (शेवटचं वर्ष इंटर्नशिप) यांतला फरक इथे येतो. म्हणून माणूस नेमताना प्रमाणपत्रावर अभ्यासक्रमाचे तास आणि इंटर्नशिप कुठे केली ते बघा. पाटीवर "ऑप्टोमेट्रिस्ट" लिहिलेलं असलं म्हणून तेवढ्यावर जाऊ नका.

बाहुली मोठी करायच्या थेंबाशिवाय तुमचं केंद्र म्हणजे चष्म्याचं दुकानच राहील. मधुमेहींचा पडदा आणि काचबिंदूत पोखरली जाणारी नस लहान बाहुलीतून नीट दिसत नाही. बी. ऑप्टोमच्या अभ्यासक्रमात हे शिकवलेलं असतं. तुम्ही एवढंच करा की मिरजेच्या डॉक्टरांकडून लेखी स्थायी सूचना घ्या: कोणता थेंब, कोणाला, किती, कधी घालायचा नाही. त्यावर त्यांची सही आणि नोंदणी क्रमांक हवा.

थेंब घालण्याआधीचा क्रम चुकवू नका. आधी दृष्टी लिहून घ्यायची, प्रत्येक डोळ्याची वेगळी, बारीक छिद्रातून बघितल्यावर किती सुधारते तेही. मग बॅटरी एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुलीची प्रतिक्रिया बघायची. थेंब घातल्यावर ही तपासणी हातची गेली, आणि नसेचा आजार नेमका तिथेच पकडता येतो. मग दाब. मग स्लिट लॅम्पवर पुढच्या कप्प्याची खोली: उजेडाची पातळ पट्टी साठ अंशांच्या कोनातून कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक थराच्या) अगदी कडेला टाकायची. कॉर्निया आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) यांच्यामधली काळी फट कॉर्नियाच्या जाडीच्या एक चतुर्थांश किंवा त्याहून कमी दिसली तर थेंब घालायचा नाही. अशा डोळ्यात कोन बंद होऊन दाब एकदम चढू शकतो. तो पेशंट गोनिओस्कोपीसाठी (हा कोन खास भिंगातून बघण्यासाठी) डॉक्टरांच्या दिवशी.

बाजारात मिळणारा नेहमीचा थेंब ट्रोपिकॅमाइड ०.८% आणि फिनाइलएफ्रिन ५% यांचं मिश्रण असतो. त्यातल्या फिनाइलएफ्रिनने रक्तदाब चढतो. रक्तदाब वाढलेला असेल किंवा हृदयविकार असेल तर नुसतं १% ट्रोपिकॅमाइड वापरा. बाहुली मोठी व्हायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि चार-सहा तास जवळचं अंधूक दिसतं, उन्हात डोळे दिपतात. म्हणजे दुचाकी चालवत आलेल्या एकट्या माणसाला थेंब घालायचा नाही आणि दुपारनंतर आलेल्याला शेवटच्या एसटीची वेळ विचारूनच घालायचा. प्रत्येकाला चिठ्ठी द्या: रात्री डोळा ठणकला, डोकं दुखलं, उलटी झाली, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली तर सकाळची वाट बघायची नाही, आणि खाली फोन नंबर.

लहान मुलांचा नंबर काढायला १% सायक्लोपेंटोलेट लागतं. थेंबानंतर डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरा. औषध नाकावाटे अंगात गेलं तर मूल गुंगतं, कधी असंबद्ध बोलतं, आणि आईबाप घाबरून पुन्हा केंद्राची पायरी चढत नाहीत.

दाबाच्या यंत्राबद्दल: तीन वाचनांची सरासरी घ्या. शर्टाची वरची गुंडी घट्ट असेल, माणूस श्वास रोखून बसला असेल किंवा पापण्या आवळत असेल तर आकडा खोटा चढतो. सरासरी २१ (मिमी पारा) च्या वर गेली तर गोल्डमनने (डोळ्याला टेकवून दाब मोजणाऱ्या यंत्राने) पुन्हा मोजायला पाठवायचं. पण २१ च्या खाली आहे म्हणून काचबिंदू नाही, असं कधीही सांगू नका. दाब नॉर्मल असूनही नस पोखरलेले पेशंट भरपूर असतात. नसेतल्या खळग्याचं प्रमाण ०.६ किंवा जास्त, अथवा दोन डोळ्यांत ०.२ चा फरक, एवढं दिसलं की दाब काहीही असो, पाठवा.

औषध लिहून देण्याबद्दल इथले औषध दुकानदार जास्त नेमकं सांगतील.

---

मेडिकल_विटा

सांगतो. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ प्रमाणे शेड्यूल एच या यादीतलं औषध नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाच्या चिठ्ठीवरच देता येतं. ऑप्टोमेट्रिस्ट या व्याख्येत बसत नाही. त्यांच्या लेटरहेडवर अँटिबायोटिक थेंब लिहून आला तर आम्हाला देता येत नाही, दिला तर आमचा परवाना अडचणीत. वरून लावायच्या बऱ्याच औषधांना जी सूट आहे, ती डोळ्याच्या, कानाच्या आणि नाकाच्या औषधांना नाही. मॉक्सिफ्लोक्सासिन हे अँटिबायोटिक तर एच-१ या आणखी कडक यादीत आहे. त्यासाठी वेगळी नोंदवही, डॉक्टरांचं आणि पेशंटचं नाव, आणि ती वही तीन वर्षं जपायची.

आता जे घडतं तेही स्पष्ट लिहितो, कारण ते लपवून कोणाचं भलं होणार नाही. डोळा लाल झाला की माणूस काउंटरवर येतो आणि "डोळ्याचा ड्रॉप द्या" म्हणतो. कित्येक ठिकाणी त्याच्या हातात अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन (स्टेरॉइड) एकत्र असलेली बाटली पडते. स्टेरॉइडने लाली दोन दिवसांत उतरते, म्हणून तो पुढच्या वेळी तीच बाटली मागतो आणि शेजाऱ्यालाही सांगतो. म्हणजे तुलना ऑप्टोमेट्रिस्ट की नेत्रतज्ज्ञ अशी नाहीच. जतच्या पूर्व भागात स्लिट लॅम्पवर डोळा बघितलेल्या माणसाची तुलना डोळा न बघता बाटली देणाऱ्या काउंटरशी आहे.

तुमच्या कामाची वाट टेलिमेडिसिनमध्ये आहे. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांत आरोग्य कर्मचारी पेशंटसोबत बसून डॉक्टरांशी बोलतो, ही पद्धत स्पष्ट मान्य केली आहे आणि त्यात संलग्न आरोग्य व्यावसायिकही येतात. डॉक्टर व्हिडिओवर पेशंट बघतात आणि स्वतःच्या नावाने, नोंदणी क्रमांकासह, सहीची चिठ्ठी पाठवतात. ती चिठ्ठी आमच्यासाठी वैध. त्या चिठ्ठीवर आम्ही औषध बिनधास्त देऊ.

एक व्यवहाराची गोष्ट. नॅटामायसिन ५% सारखी बुरशीवरची औषधं तालुक्याच्या दुकानात बहुतेक वेळा नसतात, कारण महिनोन्‌महिने कोणी मागत नाही आणि मुदत संपते. केंद्राशेजारच्या एका दुकानदाराशी बोलून दोन बाटल्या कायम ठेवायला सांगा आणि मुदत संपायला तीन महिने राहिले की बदलून घ्या. नाहीतर चिठ्ठी बरोबर असूनही औषधासाठी पेशंटला मिरज गाठावीच लागेल.

---

कॉर्निया_मिरज

ऑप्टोमेट्रिस्टना जास्त काम द्यावं, या मताचा मी आहे. एका बाबतीत मात्र ठाम विरोध आहे: स्टेरॉइड. कारण सांगतो.

आपल्या भागात डोळ्याला लागतं ते उसाच्या पातीचं, पाचटाचं, ज्वारीच्या धाटाचं, डाळिंबाच्या काट्याचं. नोव्हेंबरपासून ऊसतोड सुरू झाली की हे पेशंट वाढतात. वनस्पतीच्या ओरखड्यातून बुरशी आत जाते. बुरशीचा व्रण सुरुवातीला फसवा असतो: डोळ्याच्या मानाने दुखणं कमी, करडा-पांढरा कोरडा डाग, कडा पिसासारख्या, आजूबाजूला छोटे ठिपके. त्यावर स्टेरॉइड पडलं की लाली ओसरते आणि बुरशी आतल्या थरात उतरते. आठ-दहा दिवसांनी पेशंट येतो तेव्हा पुढच्या कप्प्यात पू साचलेला असतो, आणि मग कॉर्नियाचं रोपण करूनही डोळा वाचेलच असं नाही. नागिणीच्या कुळातल्या हर्पिसच्या व्रणाचंही तसंच. शिवाय महिनोन्‌महिने स्टेरॉइड घातल्याने दाब वाढतो, मोतीबिंदू होतो. राष्ट्रीय सर्वेक्षणात (२०१५–१९) पन्नाशीपुढच्यांच्या अंधत्वाचं ६६.२% कारण मोतीबिंदू निघालं, पण पन्नाशीच्या आतल्यांत कॉर्नियावरचं फूल हे मोठं कारण आहे. हे कमावत्या वयाचे डोळे आहेत.

म्हणून लाल डोळ्यासाठी केंद्रातला क्रम असा ठेवा. दृष्टी कमी झाली आहे का, उजेड सहन होतो का, काही लागलं होतं का, किती तासांपूर्वी, आतापर्यंत काय काय घातलं: हे प्रश्न आधी. आईचं दूध, मध, झाडपाल्याचा रस घातला असेल तर लोक आपण होऊन सांगत नाहीत, न रागावता विचारा. मग फ्लुरोसिनची (ओरखडा हिरवा दाखवणाऱ्या रंगाची) पट्टी सलाइनच्या थेंबाने ओली करून खालच्या पापणीच्या आत टेकवा आणि निळ्या उजेडात बघा. पट्टीच वापरा. फ्लुरोसिनच्या बाटलीत स्यूडोमोनास हा जंतू वाढतो आणि तोच साध्या ओरखड्याचा व्रण करतो.

हिरवा डाग दिसला, पण खालचा कॉर्निया स्वच्छ आहे, पांढरं काही नाही, तर तो साधा ओरखडा. हा ऑप्टोमेट्रिस्टने हाताळावा असं मला स्पष्ट वाटतं. नेपाळमध्ये भक्तपूरला गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी अशा ओरखड्यांना १% क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४४२ पैकी ४२४ जणांचे डोळे संसर्ग न होता बरे झाले, आणि लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या कोणालाही व्रण झाला नाही. निवेदनात हे घालाल तर प्रामाणिकपणे पुढचंही घाला: त्या अभ्यासात तुलनेसाठी मलम न दिलेला गट नव्हता, आणि नंतर नेपाळमध्येच झालेल्या मोठ्या चाचणीत, जिथे गावं चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागली होती, गावपातळीवरच्या अशा कार्यक्रमाने व्रणांचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. माझा अर्थ असा की मलम एकट्याने जादू करत नाही. लवकर बघणं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा बघणं महत्त्वाचं आहे, आणि ते कायम उघड्या केंद्रालाच जमतं.

वनस्पतीने झालेल्या ओरखड्यावर पट्टी बांधून डोळा बंद करू नका, उबेत जंतू वाढतात. आणि वेदना थांबवणारा प्रोपॅराकेनचा थेंब पेशंटच्या हातात कधीही देऊ नका. तो फक्त तपासणीपुरता. घरी घालत राहिला तर कॉर्निया विरघळतो.

पांढरा डाग दिसला, कितीही बारीक असो, त्याच दिवशी पाठवा. शक्यतो अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी, कारण व्रण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा असतो. पेशंट आज निघूच शकत नसेल तर फोन करा, निळ्या उजेडातला आणि साध्या उजेडातला असे दोन फोटो पाठवा, काय सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील.

काटा घुसलेला डोळा ही वेगळीच गोष्ट आहे. बाहुली गोल न राहता थेंबाच्या आकाराची, एका बाजूला ओढलेली दिसली तर डोळा फुटला आहे असंच धरा. दाब मोजायचा नाही, थेंब नाही, मलम नाही, पापणी ताणून बघायची नाही, काटा दिसत असला तरी उपटायचा नाही. कागदी पेल्याचा बूड कापून डोळ्याभोवतीच्या हाडावर टेकेल असा चिकटवा, काही खायला देऊ नका, गाडी करून पाठवा.

---

पूर्वभाग_जत

डॉक्टर, फार उपयोगी. आमच्याकडे द्राक्षबागा आहेत. फवारणीत डोळ्यात उडाल्याचे प्रसंग बरेच असतात, शिवाय तंबाखूच्या चुन्याची पुडी मुलांच्या डोळ्यात फुटते. त्याचं काय?

---

नेत्रसहाय्यक_खटाव

हे मी लिहितो. यात कोणाच्या परवानगीची वाट बघायची नाही, धुवायचं. बोर्डो मिश्रणातही चुना असतो, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर काड्यांना लावतात ते हायड्रोजन सायनामाइडसुद्धा दाहक आहे. चुना अल्कली. आम्ल वरचा थर गोठवून तिथेच थांबतं, अल्कली मात्र मेद विरघळवत आत जात राहते. म्हणून दृष्टी तपासणं, कागद भरणं, सगळं नंतर.

एक प्रोपॅराकेनचा थेंब, मग सलाइनची बाटली नळीसकट वर टांगून सतत धार, किमान तीस मिनिटं, एक-दोन लिटर. सलाइन नसेल तर पिण्याचं स्वच्छ पाणी. वरची पापणी उलटी करा, मग पुन्हा उलटी करून आतली खोबण बघा. चुन्याचे खडे तिथे दडतात आणि तासन्‌तास जाळत राहतात. ओल्या कापसाच्या काडीने काढा. थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी लिटमससारखी पीएच पट्टी खालच्या पापणीत लावा. सात ते साडेसातच्या दरम्यान टिकली तरच धुणं पुरे, नाहीतर पुन्हा. चुन्याला लिंबू किंवा व्हिनेगर घालून "मारायला" जाऊ नका, आणखी भाजतं. लाल डोळ्यापेक्षा पांढराफटक डोळा जास्त वाईट, कडेच्या रक्तवाहिन्या मेल्याचं ते लक्षण. धुऊन झाल्यावर लगेच पाठवायचा.

शेतातच पहिली धार पडावी म्हणून फवारणीच्या टँकरशेजारी वीस लिटरचा स्वच्छ पाण्याचा कॅन ठेवायला सांगा. बागायतदार ऐकतात.

दुसरं, मोतीबिंदूच्या पाठवणीबद्दल. शस्त्रक्रियेला गेलेले कितीतरी लोक तसेच परत येतात आणि पुन्हा जात नाहीत. कारणं ठरलेली: साखर चढलेली, रक्तदाब चढलेला, नाहीतर नासूर. तिन्ही केंद्रात पकडता येतात. रक्तदाब आणि साखर मोजा. जास्त असेल तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात गोळ्या सुरू करून दोन आठवड्यांनी तारीख द्या. नासुरासाठी नाकाच्या बाजूला, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याखाली, अश्रुपिशवीवर बोटाने दाब द्या. पू किंवा चिकट पाणी उलटं वर आलं तर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आत्ता होणार नाही, आधी पिशवीचा इलाज. नाहीतर तोच पू शस्त्रक्रियेच्या जखमेतून डोळ्यात जातो. याला ना यंत्र लागतं, ना औषध.

आणि पाठवलेल्यांची वही. नाव, कशासाठी पाठवलं, कुठे, कोणत्या तारखेला पोचायचं, पोचला का. सातव्या दिवशी फोन. वहीतला "पोचला का" हा रकाना रिकामा राहिला तर वाढवलेल्या कार्यक्षेत्राचा पेशंटला काडीचा उपयोग नाही.

---

रेटिनोस्कोप_कराड

निवेदनाबद्दल. "आम्हाला औषधं लिहायचा अधिकार द्या" असं मोघम लिहू नका. त्यावर पहिल्या बैठकीतच "नाही" येईल, आणि कायद्याने ते बरोबरही आहे. फक्त राज्य शासनाच्या आदेशाने हे होईल असंही समजू नका. औषध नियमांखाली राज्याने इतर पद्धतीच्या वैद्यांना आधुनिक औषधं द्यायला मान्यता दिली, तेव्हा १९९८ च्या मुख्तियारचंद खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्याच्या कायद्यात त्या पद्धतीने उपचार करायचा अधिकार मुळात असेल तरच तो आदेश टिकतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवान्याच्या 'समुदाय आरोग्य प्रदात्या'ची तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधक सेवेत ठरावीक औषधं स्वतः लिहिण्याची मुभा त्यात आहे. मागणी या कलमाच्या आधाराने मांडा.

मी तीन पायऱ्या मागेन. तपासणीचे थेंब (ट्रोपिकॅमाइड, सायक्लोपेंटोलेट, प्रोपॅराकेन, फ्लुरोसिन) स्वतःच्या जबाबदारीवर वापरण्याची स्पष्ट लेखी मान्यता, म्हणजे प्रत्येक केंद्राला वेगळी स्थायी सूचना लागणार नाही. मग बंदिस्त यादी: साध्या ओरखड्याला क्लोरॅम्फेनिकॉल मलम, डोळे आल्यावर एखादं अँटिबायोटिक, कृत्रिम अश्रू, ॲलर्जीचा थेंब, तेही ठरावीक तासांचं रुग्णालयातलं प्रशिक्षण आणि परीक्षा झाल्यावर. तिसरी पायरी काचबिंदूची चालू औषधं डॉक्टरांच्या सल्ल्याने पुढे चालू ठेवणं. ही सर्वांत शेवटी, कारण टिमोलॉल ०.५% चा साधा थेंबसुद्धा दमा असलेल्याला किंवा नाडी मंद असलेल्याला धोक्याचा आहे. स्टेरॉइड आणि लेसर यादीबाहेर, आणि ते निवेदनातच लिहा. नेत्रतज्ज्ञांचा निम्मा विरोध तिथेच मावळतो.

बाहेरचे दाखले द्याल तर वेळेचं भान ठेवून द्या. अमेरिकेत ऱ्होड आयलंडने १९७१ मध्ये तपासणीचे थेंब दिले, वेस्ट व्हर्जिनियाने १९७६ मध्ये उपचाराची औषधं, आणि काचबिंदूची औषधं लिहायला मॅसॅच्युसेट्सने २०२१ मध्ये परवानगी दिली. ब्रिटनमध्ये नुसत्या पदवीवर स्वतंत्रपणे औषध लिहिता येत नाही. वेगळं प्रशिक्षण घेऊन जनरल ऑप्टिकल कौन्सिलकडे ती पात्रता नोंदवावी लागते.

गरज दाखवायला जिल्ह्याचा हिशोब पुरेसा आहे. भारतात दृष्टी केंद्रासाठी साधारण ५०,००० लोकसंख्येमागे एक असं माप रूढ आहे. २०११ च्या जनगणनेत सांगली जिल्ह्याची लोकसंख्या २८.२२ लाख, म्हणजे छप्पन्न केंद्रं. एकट्या जत तालुक्याला सहा-सात. प्रत्येक ठिकाणी नेत्रतज्ज्ञ बसवता येणार नाही, हे त्यांनाही मान्य असतं. सध्या चालू असलेली केंद्रं तालुकावार नकाशावर दाखवा आणि तो नकाशा निवेदनाच्या पहिल्या पानावर लावा.

तोपर्यंत केंद्र सुरू करा. पहिल्या दिवसापासून नोंद ठेवा: किती लाल डोळे आले, लागल्यापासून किती तासांनी आले, कितींना व्हिडिओवर चिठ्ठी मिळाली, किती जण तिसऱ्या दिवशी परत दाखवायला आले, कितींचं निदान डॉक्टरांनी बदललं. हा शेवटचा आकडा कोणी मागितला नाही तरी ठेवा. वर्षभराने दुसरी पायरी मागायला जाल तेव्हा नेत्रतज्ज्ञ पहिल्यांदा तोच विचारतील. बाकी बारीकसारीक: उघडलेल्या प्रत्येक थेंबाच्या बाटलीवर तारीख लिहून २८ दिवसांनी टाकून द्या, प्रोपॅराकेन फ्रिजमध्ये ठेवा, आणि वीज जाते तेव्हा स्लिट लॅम्प चालावा म्हणून इन्व्हर्टर आधी घ्या, पडद्याचा कॅमेरा मागून.